बेस व्हेरियंट आणि मागची सीट

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. गाडी. म्हणजे घ्यायची हे ठरलंय, कुठली घ्यायची हेही ठरलंय (चार मीटरच्या आतली एक पेट्रोल सेडान. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की निम्मी मंडळी नावावरच भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला). घोडं अडलंय ते व्हेरियंटवर. बेस घ्यायचं, मधलं घ्यायचं, की एकदाच काय ते टॉप घेऊन मोकळं व्हायचं?

मी पहिल्या दिवसापासून बेसवाला. त्यामुळे मागच्या महिन्यात एका शनिवारी शोरूममध्ये गेलो आणि सरळ सांगितलं, "बेस दाखवा."

समोरच्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हॉटेलात जाऊन फक्त पाणी मागितलंय. "बेस डिस्प्लेला नाही सर."

"मग टेस्ट ड्राइव्हला?"

"टेस्ट ड्राइव्हला पण टॉपच आहे सर. बेस कोण घेतं? टूरवाले घेतात."

हे 'टूरवाले' त्याने अशा आवाजात म्हटलं की माझ्या शेजारी उभी असलेली बायको हसायलाच लागली. नंतर अजून दोन शोरूम पालथी घातली. तिथेही तेच. हे म्हणजे फ्लॅट बघायला जावं आणि बिल्डरने सॅम्पल फ्लॅटमध्ये फिरवून आणावं तसं झालं. सोफा छान, दिवे छान, सगळं छान, पण यातलं आपल्याला काय मिळणार ते मात्र कागदावर बारीक अक्षरात. "इंजिन सेमच आहे सर," एवढं एक वाक्य तो मुलगा खरं बोलला. बेसपासून टॉपपर्यंत इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, मायलेजही जवळपास तेच. म्हणजे वरचे पैसे मोजायचे ते धावण्यासाठी नाहीत, हे एकदा डोक्यात पक्कं करून घ्यावं.

आता आकडे. आम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये बेसची एक्स-शोरूम किंमत सव्वासहा लाख, मधल्याची सात लाख पंधरा हजार, टॉपची नऊ लाख. बेस आणि मधल्यात नव्वद हजारांचा फरक. पण हा फरक नव्वद हजार राहत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे आणि तो एक्स-शोरूम किमतीवर लागतो. म्हणजे इथेच ९,९०० रुपये वाढले. वर गाडीची किंमत जास्त म्हणून इन्शुरन्सही थोडा जास्त. झाला एक लाख दोन-तीन हजारांचा फरक. कर्ज काढलं तर पाच वर्षांसाठी ९ टक्के दराने लाखाला महिन्याचा हप्ता २,०७६ रुपये पडतो, आणि लाखाचे पाच वर्षांत साधारण १,२४,५०० होतात. हाच हिशोब बेस ते टॉप केला तर सगळं धरून फरक जातो तीन लाख दहा हजारांवर. महिना ६,४०० रुपये जादा, एकूण तीन लाख शहाऐंशी हजार. कशासाठी? सनरूफ, मोठी स्क्रीन, अलॉय व्हील आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिळणारा थोडा आदर.

आणि हे सगळं कोणत्या काळात? आमच्या मजल्यावर गेल्या वर्षभरात ज्या खुर्च्या रिकाम्या झाल्या त्या अजून रिकाम्याच आहेत. एचआरचं 'क्विक कॉल' असं इन्व्हाइट आलं की लोक आधी बँकेचं ॲप उघडतात आणि मग मीटिंग. अशा वेळी महिन्याचे ६,४०० ही माझ्यासाठी चैन नाही, झोप आहे. बाबांच्या भाषेत अंथरूण पाहून पाय पसरावे. आमच्या पिढीचा प्रॉब्लेम असा की अंथरूण ईएमआयवर मिळतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी कमी झाला तेव्हा तर गंमतच झाली. आधी २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता, तो २२ सप्टेंबरपासून सरळ १८ टक्के झाला. मला वाटलं लोकांचे पैसे वाचतील. पण ऑफिसमधले तीनजण त्याच महिन्यात म्हणाले, "अरे, आता तेवढ्याच पैशात वरचं व्हेरियंट येतंय!" म्हणजे बजेट कमी झालंच नाही, गाडी वर सरकली. सवलत सरकारने दिली आणि सनरूफने खाल्ली.

तर बेसच्या बाजूने माझं मत पक्कं होतं. त्यात अजून एक कारण होतं, आणि ते जरा गंभीर आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मी हेच मत मांडलं असतं तर तो गुन्हा ठरला असता. कारण तेव्हा बेस व्हेरियंटमध्ये काटकसर व्हायची ती थेट जिवाची. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने ठोकून पाहिल्या. ऑल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य स्टार. पण त्यातली पोलोची गोष्ट मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. बिनएअरबॅगची पोलो शून्यावर बाद, आणि तीच पोलो दोन एअरबॅग लावून ठोकली तर चार स्टार! गाडीचा सांगाडा तोच. फरक फक्त व्हेरियंटचा. त्या निकालानंतर फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं.

त्यानंतर मात्र चित्र बदलत गेलं. एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, रिव्हर्स पार्किंग सेन्सर, पुढच्यांसाठी सीटबेल्टची पिपाणी. जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटलाही एअरबॅग. सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव सरकारने २०२२ मध्ये आणला, तारीख एकदा पुढे ढकलली आणि शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगून टाकलं. पण तोवर स्पर्धा सुरू झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्युंदाईने सगळ्या मॉडेल्सना सहा एअरबॅग स्टँडर्ड केल्या आणि २०२५ मध्ये मारुतीने ऑल्टो के-१० आणि वॅगन आरलासुद्धा. ऑल्टोला सहा एअरबॅग! २०१४ मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

म्हणजे आता बेस घेणारा माणूस कुटुंबाच्या जिवावर पैसे वाचवतो असं म्हणता येत नाही. मी बघत असलेल्या गाडीच्या बेसमध्येही सहा एअरबॅग आहेत. मग काय नाहीये? म्युझिक सिस्टिम नाही. (फोन आहे की.) अलॉय नाहीत, व्हील कॅपसुद्धा नाहीत, चाकं उघडी काळी. दाराची हँडलं काळी. साइड मिरर हाताने ढकलायचे. मी खूश होतो. एवढ्यासाठी लाखभर रुपये कोण देतं?

"बेस घे आणि बाकीचं बाहेरून टाक," हा आपल्याकडचा जुना मंत्र. मीही रविवारी नाना पेठेत चक्कर मारून आलो. म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, व्हील कॅप, मॅट, सगळं धरून कंपनीच्या फरकाच्या निम्म्याहून कमी पैशात काम होतं. पण तिथेच एक गोष्ट कळली, जी मला आधी माहीत असायला हवी होती. दुकानदाराने सीट कव्हर दाखवायला सुरुवात केली. जाड, गुबगुबीत, टाके घातलेली. आणि सहा एअरबॅगवाल्या गाडीत बाजूच्या एअरबॅग बहुधा पुढच्या सीटच्या कडेतच असतात. अपघात झाला की ती शिवण फाडून एअरबॅग बाहेर येते. वरून जाड कव्हर घट्ट ओढून बसवलं तर ती येणार कुठून? एअरबॅग असलेल्या सीटसाठी बाजूला वेगळी शिवण ठेवलेली कव्हर मिळतात, तीच घ्यावीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काही होत नाही साहेब, सगळे हेच टाकतात." वायरिंगचंही तसंच. मूळ वायर कापून जोड दिला की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर पाणी सोडायचं. कपलरला कपलर लागत असेल तरच हात लावू द्यावा. एकूण काय, बाहेरून टाकता येतं ते नुसतं बघायचं आणि ऐकायचं सामान. गाडीच्या हाडामासाचं काही बाहेरून टाकता येत नाही.

आणि इथून माझ्या मताला पहिला तडा गेला.

बायको म्हणाली, "सीट वर होते का?"

मी पाच फूट दहा. ती पाच फूट. गाडी दोघंही चालवणार, उलट तिचं ऑफिस लांब म्हणून तीच जास्त. ड्रायव्हरची सीट वर-खाली करायची सोय बेसमध्ये नाही, मधल्यात आहे. मी टेस्ट ड्राइव्हला पंधरा मिनिटं गाडी चालवली, तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता, कारण मला बोनेट दिसत होतं. मी आपलं म्हणालो, "उशी घेऊ एक." तिने माझ्याकडे पाहिलं. ब्रेक जोरात दाबला की उशी सरकते आणि कमरेचा पट्टा जिथे बसायचा तिथे बसत नाही, हे मला त्याच रात्री वाचल्यावर कळलं. बोललो नाही, पण एक्सेल उघडली.

हो, एक्सेल होतीच. प्रत्येक फीचरसमोर दहापैकी वजन, व्हेरियंटप्रमाणे गुण, शेवटी भागिले किंमत. बेस दणदणीत मार्कांनी पहिला येत होता. बायकोने शीट वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "हे मार्क कोणी दिले?"

"मी."

"तू कुठे बसणार गाडीत?"

'मागे एसीचे व्हेंट' या ओळीला मी दहापैकी दोन दिले होते. 'मागचे हेडरेस्ट वर-खाली होणारे' याला एक. 'मागे आर्मरेस्ट' शून्य. आणि 'ड्रायव्हर सीट हाइट ॲडजस्ट' ही ओळ शीटमध्ये नव्हतीच.

मग मी कोटेशनसोबत मिळालेलं ब्रोशर पुन्हा काढलं आणि बेसमध्ये जे जे नाही त्यावर पेन्सिलने खुणा केल्या. तेव्हा दिसलं ते असं, की दिखाऊ सामान सोडलं तर कात्री बहुतेक मागच्याच सीटवर चाललीये. मागे व्हेंट नाहीत. मागचे हेडरेस्ट सीटलाच शिवलेले, ठेंगणे, बाबांच्या मानेच्याही खाली येणारे. मागे बाटली ठेवायला जागा नाही, चार्जिंग नाही. पुढच्या माणसाला मात्र बेसमध्येही पॉवर स्टिअरिंग, एसी, पॉवर विंडो सगळं आहे. साहजिक आहे म्हणा. शोरूममध्ये चेक फाडणारा माणूस पुढे बसतो. मागे बसणारी माणसं शोरूममध्ये सोफ्यावर बसून कॉफी पीत असतात.

टेस्ट ड्राइव्ह मिळत नव्हती, त्यावर उपाय सापडला तो अगदी अचानक. एप्रिलमध्ये आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, बाणेरहून कात्रजच्या बाजूला, भर दुपारी एक वाजता. कॅब बुक केली आणि आली ती अशाच एका छोट्या सेडानचं टॅक्सीवालं व्हेरियंट. काळी हँडलं, उघडी चाकं, मागे व्हेंट नाहीत. मीही आईबरोबर मागे बसलो. पुढे एसी जोरात चालू होता, ड्रायव्हरच्या शर्टाची कॉलर हलत होती आणि आम्ही मागे रुमालाने वारा घेत होतो. चांदणी चौक ओलांडेपर्यंत आईने डोळे मिटून डोकं खिडकीला टेकलं. आमच्या आईला गाडी लागते. ज्यांच्या घरात कुणाला गाडी लागते त्यांना पुढचं सांगायला नको.

ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि एक बटण दाबलं. त्याच्या हेडरेस्टच्या मागे चिमट्याने लावलेला एक छोटा प्लास्टिकचा पंखा फिरायला लागला. "मागच्या पॅसेंजरला हवाच लागत नाही साहेब," तो म्हणाला. "मग रेटिंग देत नाहीत. मी चारशे रुपयांत लावला हा."

माझ्या एक्सेलमधल्या दोन मार्कांच्या ओळीवर याने स्वतःच्या खिशातून पैसे घातले होते. मार्केट रिसर्च म्हणतात तो हा. (बेस घेणाऱ्या सगळ्यांना माझा मनापासून सल्ला. भर दुपारी अशी कॅब करा आणि तासभर मागे बसा. घरातल्या ज्येष्ठांना बरोबर घ्या. शोरूमवाला कितीही फिरवो, ही खरी टेस्ट ड्राइव्ह.)

परत येताना मला बाबांची मारुती ८०० आठवत होती. २००४ साली घेतलेली, सेकंडहँड, पांढरी, 'स्टँडर्ड'. म्हणजे तेव्हाचं बेस. एसी नाही. तेव्हा ८०० मध्ये सरळ दोनच जाती असायच्या लोकांच्या बोलण्यात, साधी आणि एसीवाली. दर मे महिन्यात आम्ही कऱ्हाडला जायचो. पुढे बाबा, त्यांच्या शेजारी आजोबा, कारण आजोबांना मागे कसं बसवणार? मागे आजी, आई आणि मी. खंबाटकीचा घाट आला की आई ओला रुमाल कपाळावर धरायची, तोंडात आवळासुपारी आणि मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी, तयारीत. मला ती गाडी प्रचंड आवडायची. आजही आवडते. बाबांनी पै-पै जमवून घेतली होती आणि त्यांनी तेव्हा एसीवाली घ्यायला हवी होती असं मी म्हणणार नाही, परवडतच नव्हती. पण त्या गाडीच्या माझ्या सगळ्या आठवणींत आई मागे आहे. एकदाही पुढे नाही.

आता नव्या गाडीत मी किंवा बायको चालवणार, शेजारी बाबा बसणार (गुडघ्यांमुळे त्यांना पाय लांब करावे लागतात), आणि आई? मागे.

तिला विचारलं तर ती काय म्हणणार हेही ठरलेलं. "मला काय रे, मी कुठेही बसेन. तुम्हाला परवडेल ती घ्या." आमच्या धंद्यात क्लायंट 'काहीही चालेल' म्हणाला की समजायचं, डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी हा डोकं खाणार. आईचं उलट आहे. ती खरोखरच कधी काही बोलणार नाही. त्यामुळे ती रिक्वायरमेंट शीटमध्ये येतच नाही.

मागच्या सीटवरून आठवलं. सहा एअरबॅग, पाच बेल्ट, सगळं बेसमध्ये आहे, पण मागे बसून बेल्ट कोण लावतं? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते आणि दोघंही गेले. गाडी साधी नव्हती, मर्सिडीज होती. तेव्हा आठवडाभर सगळ्यांनी मागे बेल्ट लावले. नंतर पहिले पाढे पंचावन्न. यात व्हेरियंटचा काही संबंध नाही, हा पैशाने सुटणारा प्रश्नच नाही. बाबांशी माझं यावरून अजून भांडण चालू आहे.

तर मी बेसच्या विरुद्ध गेलोय का? मुळीच नाही. माझा एक मित्र आहे, नवरा-बायको दोघंच, पालक गावी, गाडी शनिवार-रविवारपुरती. त्याला मी शपथेवर सांगेन, बेस घे आणि उरलेल्या पैशांना हात लावू नकोस. टूरवाला म्हणतात? म्हणू देत. टूरवाल्याइतका गाडीचा हिशोब या देशात कुणालाच कळत नाही. टॉपबद्दल तर माझं मत तसूभरही हललेलं नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात छताला काच लावायला तीन लाख देणाऱ्यांना नमस्कार. पण ज्या घरात मागची सीट रोज, नाहीतर दर आठवड्याला भरते, आणि भरणारी माणसं साठीच्या पुढची आहेत, त्या घरात बेसचे वाचलेले लाख रुपये नक्की कोणाच्या खिशातून वाचले हे एकदा बघावं. मी वाचवणार होतो ते आईच्या खिशातून. तिच्या परवानगीशिवाय.

शेवटी मधलं बुक केलं. बुक करतानाही नाटकं झालीच. "मधल्याला सहा आठवडे वेटिंग आहे सर, टॉप परवा देतो." नको म्हटलं. मग चाळीस हजारांचा ॲक्सेसरी पॅक गळ्यात मारायचा प्रयत्न, त्यात तीच ती जाड सीट कव्हरं. तीही नको म्हटलं. माझा नवीन फोन दोन वर्षं पुढे गेलाय आणि जुनी बाइक विकायला काढलीये, म्हणजे डाउनपेमेंट वाढवून हप्ता जवळपास बेसच्याच आकड्यावर आणता येतोय.

घरी आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "बेसपेक्षा किती जास्त पडले?"

मी म्हटलं, "तीस-पस्तीस हजार."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. आई पोळ्या लाटत होती. तिने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, आणि काही न बोलता पुढची पोळी तव्यावर टाकली.